सासूबाई, सीट आणि साडेसहा फेऱ्या

"येत्या रविवारी आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर! ताशी एकशेसाठ!"

असं म्हणून चष्मेवाल्यांनी चहाचा कप इतक्या जोरात बशीत ठेवला की बशीला तडाच गेला.

शहराबाहेर गाड्यांच्या शर्यतीचा एक ट्रॅक होता आणि महिन्यातून एक रविवार तो तुमच्याआमच्यासाठी खुला असे. शर्यत नाही, बक्षीस नाही. आपली रोजची गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि आपल्या वाट्याच्या वीस मिनिटांत हवी तशी पळवायची. ना सिग्नल, ना स्पीडब्रेकर, ना मागून हॉर्न मारणारा रिक्षावाला! चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा" करून चष्मेवाल्यांचं आयुष्य त्या अक्षरांच्या पाटीसारखंच बारीक बारीक होत चाललं होतं. जाहिरात वाचली आणि माणूस पेटला!

"आपली गाडी?" बायकोने विचारलं. "चढावर जिला मी मनातल्या मनात ढकलत असते, ती?"

"दम आहे गं तिच्यात! फक्त अंगावरचं ओझं उतरवायला हवं."

तोवर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही बातमी कळली होती. एका गृहस्थांना तर एक डोळा झाकलेल्या अवस्थेत संपूर्ण ट्रॅकचा नकाशा ऐकावा लागला. आता माघार नव्हती.

ट्रॅकवाल्यांनी यादी पाठवली होती. गाडीतल्या सुट्या वस्तू काढा, ब्रेक तपासा, चाकांचे नट आवळा, गाडी ओढायचा हूक पुढे बसवा. चष्मेवाल्यांनी डिकी उघडली. आतून तीन छत्र्या, एकाच पायाची चप्पल आणि एक इस्त्री निघाली.

"ही दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला दिली होती ना?" बायकोने इस्त्री उचलून विचारलं.

चष्मेवाले घाईघाईने चाकाखाली काहीतरी शोधू लागले.

गल्लीच्या टोकाच्या मेकॅनिकने ब्रेकचं तेल बदललं, नवे पॅड बसवले, नट आवळले. "साहेब, गाडी पळते का हे नंतर," तो म्हणाला, "थांबते का ते आधी बघायचं. झाली तयारी. आता हात लावू नका."

आता हात लावू नका म्हटल्यावर चष्मेवाले थांबणार थोडेच! त्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आणला आणि गाडीतून निघेल ती वस्तू त्यावर ठेवायला सुरुवात केली. पायपुसण्या गेल्या. जादा चाक गेलं. मागचं बाकडं गेलं. शेवटी ड्रायव्हरशेजारची सीट चार बोल्ट खोलून बाहेर ओढली. भरली सतरा किलो! लॉटरी लागल्यासारखे ते नाचले. संध्याकाळी ते मिशीही काढून आले.

"अहो, मिशीचं असं वजन तरी किती असणार?"

"वजनाचा प्रश्न नाही! वाऱ्याला अडथळा नको!"

"काचा बंद ठेवणार ना?"

चष्मेवाल्यांनी वजनकाटा उचलला आणि न्हाणीघराकडे निघाले.

काढलेली सीट दिवाणखान्यात फळ्यांवर ठेवली होती. मुक्कामाला आलेल्या सासूबाई कमरेवर हात धरून तिथून चालल्या होत्या. पंधरा दिवस त्यांची पाठ धरली होती. धड बसता येईना, धड झोपता येईना. विसाव्यासाठी म्हणून त्या सीटवर टेकल्या, बाजूचा खटका ओढला, पाठ अलगद मागे गेली आणि घरभर ऐकू जाईल असा निःश्वास टाकून म्हणाल्या, "अगं बाई! दुखणं गेलं कुठे?"

त्या रात्री त्या तिथेच जेवल्या आणि तिथेच झोपल्या. पाठ कोणाची का असेना, गुण आपल्या सीटचा आला म्हणून चष्मेवाल्यांची छाती फुगली.

रविवारी सकाळी ते ट्रॅकवर हजर झाले. हातात पाटी घेतलेल्या तपासनीसाने ब्रेक पाहिले, नट पाहिले, हूक पाहिला. "छान! नीट तयारी केलीत." चष्मेवाले मनातल्या मनात दोन इंच वाढले. मग तपासनीसाने आत डोकावलं.

"शेजारची सीट?"

"काढली! सतरा किलो!"

"पहिल्यांदा येणाऱ्याबरोबर प्रशिक्षक बसतो, साहेब. नियम आहे. तो काय तुमच्या मांडीवर बसणार? अकराला तुमची पाळी. सीट आणा, नाहीतर घरी जा."

घरी जा! आणि उद्या दुकानात काय सांगणार? चष्मेवाल्यांनी फोन लावला.

"अगं, ती सीट मेकॅनिकच्या टेम्पोत घालून ताबडतोब पाठव!"

"तिच्यावर आई बसलीय."

"मग आईंना उठव!"

पलीकडे फोन हातातून हातात गेला. "जावईबापू," सासूबाईंचा आवाज आला, "पंधरा दिवसांनी मी सरळ बसतेय. सीट येईल, पण माझ्याशिवाय येणार नाही!"

पावणेअकराला टेम्पो आला. मागच्या हौद्यात दोरांनी आवळलेली सीट आणि सीटवर सासूबाई, मांडीवर पर्स! मेकॅनिक खाली उतरला तो कपाळ पुसतच. "पुढे बसा म्हटलं, ऐकेनात हो. चालवलं मग बैलगाडीसारखं."

त्याने दहा मिनिटांत सीट गाडीत बसवली. शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत सासूबाई डोळ्यांत तेल घालून उभ्या होत्या. आवळला आणि कोणी पुढे व्हायच्या आत त्या आत जाऊन बसल्या!

"आजी, तिथे मी बसायचंय," प्रशिक्षक म्हणाली. पंचविशीची, किडकिडीत, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी होती ती.

"बाळ, तू गोड आहेस. पण मी उठणार नाही."

"आई!" चष्मेवाले कळवळले.

घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी मुलीने तोडगा काढला. पहिली फेरी तशीही ती स्वतः चालवून दाखवते. तेवढी फेरी आजींना घेऊन मारते, आजींची हौस फिटेल, मग त्या उतरतील. सासूबाईंनी अंबाडा सोडून हेल्मेट चढवलं, पट्टा लावला आणि चष्मेवाल्यांची गाडी चष्मेवाल्यांना कठड्यापाशी सोडून सुसाट निघून गेली.

काय पळाली! चष्मेवाल्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, आणि तेही चष्मा लावून! तीन मिनिटांत फेरी पूर्ण करून गाडी समोर आली, तेव्हा आतून सासूबाई ओरडत होत्या, "अजून एक! अजून एक!" चष्मेवाल्यांनी दोन्ही हात हलवून 'थांबा, थांबा' केलं. मुलीला वाटलं, जावई चेव आणतायत. तिने अंगठा दाखवला आणि वेग वाढवला. पुढच्या फेरीला चष्मेवाले उड्या मारू लागले. सासूबाईंनी त्यांना कौतुकाने हात केला. चौथ्या फेरीला त्यांनी शर्ट काढून फडकवला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या!

सातव्या फेरीला गाडी आलीच नाही.

ती ट्रॅकच्या पार पलीकडच्या टोकाला गप्प उभी होती. पेट्रोल संपलं होतं. वजन वाढू नये म्हणून चष्मेवाल्यांनी टाकीत जेमतेम तळ झाकेल एवढंच ठेवलं होतं आणि हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

वीस मिनिटंही संपली होती. मुलगी पुढच्या गाडीकडे पळाली. ओढगाडीवाला चष्मेवाल्यांना घेऊन तिथे पोचला, हुकाला दोर बांधला आणि म्हणाला, "कोणीतरी स्टिअरिंगवर बसा."

चष्मेवाले बसले. हेल्मेट घातलं. काच खाली केली. अखेर ट्रॅक त्यांच्या समोर पसरला होता! दोर ताणला गेला, गाडी हलली आणि माणूस चालतो त्या गतीने पुढे सरकू लागली.

शेजारी सासूबाईंनी दारावरची मूठ घट्ट धरली आणि दोन्ही पाय तळाशी रोवले.

"हळू, जावईबापू! जरा हळू!"

"आई, इंजिन बंद आहे!"

"म्हणून तर बसलेय! तुमच्या हाती चालू असतं तर केव्हाच उतरले असते!"