बर्चच्या सरपणातली बायको

“लाकूड फोडणाऱ्या माणसाला म्हातारपण शिवत नाही! लिहून ठेवा!”

दाग्नीच्या दुकानात मागच्या बाजूला कॉफी प्यायची टेबलं होती. त्यातल्या खिडकीशेजारच्या टेबलावरून आयलिफ रोज सकाळी हे जाहीर करायचा. कोणी लिहून ठेवत नसे. नॉर्वेतल्या ओस्तरदालच्या त्या खोऱ्यात लिहून ठेवायचं काम जन्मभर आयलिफनंच केलं होतं. तो गाडीच्या परवान्याची परीक्षा घ्यायचा. शेजारच्या सीटवर पेन्सिल घेऊन बसायचा, आरशात बघायला विसरलात की खूण, वळताना हात दाखवायला विसरलात की खूण! खोऱ्यातल्या बहुतेकांना त्यानं एकदा तरी नापास केलेलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. “माझ्या नजरेतून काही सुटत नाही,” असं तो म्हणायचा. हेही कोणी लिहून ठेवलं नाही.

निवृत्त झाल्यावर डॉक्टर म्हणाले, हृदयाला हालचाल हवी. दुसरा कोणी असता तर काठ्या घेऊन चालायला गेला असता. आयलिफनं कुऱ्हाड आणली. वादळात पडलेली झाडं ज्याच्या-त्याच्या रानातून मागून आणायची, करवतीनं तुकडे करायचे, ओंडक्यावर उभे करून फाडकन दोन फाका करायच्या आणि थप्पी लावायची. सकाळी व्यायाम, दुपारी छंद आणि संध्याकाळी त्याबद्दल भाषण! दोन हिवाळ्यांत त्याचं पोट आत गेलं, दंड फुगले आणि अंगण भरलं.

त्याच्या बायकोची, गुन्वोरची, याला काही तक्रार नव्हती. जन्मभर वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून लोकांना उचलून-बसवून तिच्या हातांची बोटं संधिवातानं वाकली होती. थंडी पडली की ती बोटं गंजलेल्या बिजागऱ्यांसारखी कुरकुरायची. घरात लाकूड आलं तर तिला हवंच होतं.

पण लाकूड घरात येईना!

त्याचं असं झालं की जानेवारीत गुन्वोरला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती, आणि आयलिफच्या डोक्यात एक कल्पना शिरली. अशी, की त्याला दोन रात्री झोप आली नाही. बर्चच्या फाकांची टोकं पांढरी, जुन्या स्प्रूसची काळपट, ताज्या आल्डरची लालसर. ती नीट निवडून रचली तर थप्पीच्या तोंडावर चित्र उमटतं. बाकीचे लोक मासा काढतात, झेंडा काढतात. आयलिफ बायकोचा चेहरा काढणार होता! पुरुषभर उंच, रस्त्याकडे तोंड करून, अख्ख्या खोऱ्यानं बघावा असा. आणि वाढदिवसापर्यंत गुन्वोरला पत्ता लागू द्यायचा नव्हता.

त्यासाठी त्यानं थप्पी दुहेरी केली. रस्त्याच्या बाजूला चेहऱ्याची ओळ आणि घराच्या बाजूला तिच्या पाठीला पाठ लावून साध्या लाकडांची. गुन्वोर बाहेर पडली की पुढच्या बाजूवर ताडपत्री सोडायची, ती आत गेली की वर गुंडाळायची. त्या बर्फात, दुखऱ्या पायांनी, ती फारशी बाहेर पडतच नव्हती म्हणा. तिला दिसायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून थप्पीची पाठ. पूर्वी त्या खिडकीतून ग्लोमा नदी दिसायची.

नोव्हेंबरात गुन्वोर एकदा टोपली घेऊन त्या पाठीशी गेली.

“हात लावू नकोस!” आयलिफ कुऱ्हाडीसकट धावत आला. “तुझा गाल आहे तो!”

“माझा काय?”

“म्हणजे... थप्पीचा! थप्पीचा गाल! आम्ही लाकूडवाले असंच म्हणतो.”

“अरे, घरात पाणी गोठायची वेळ आलीय. मला चार फाका दे.”

“हे लाकूड नाही द्यायचं. योग्य वेळी कळेल तुला. ते बघ, तिकडे ढीग आहे तो घे.”

तिकडच्या ढिगात गाठीची, वेडीवाकडी, चित्रात न बसणारी ओली लाकडं होती. ती शेगडीत घातली की शेगडी खोकायची. गुन्वोर दोन स्वेटर चढवून, बोटं कापलेले हातमोजे घालून शेगडीला चिकटून बसायची, आणि बाहेर तिच्यासाठी अख्खं रान रचलं जात होतं.

तिकडे आयलिफला ओठ सापडत नव्हते. तो शेजारच्या ओद्वारकडे गेला.

“ओद्वार, ओढ्याकाठचं तुझं आल्डर तोडू का?”

“तोड की. पण ते धड जळत पण नाही. काय करणार त्याचं?”

“ओठ.”

ओद्वारनं तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात सरकवली. “कोणाचे?”

“एका बाईचे,” आयलिफ इकडेतिकडे बघत कुजबुजला. “गुन्वोरला यातलं अक्षर कळता कामा नये! शप्पथ घे.”

ओद्वारनं शप्पथ घेतली आणि तडक दाग्नीच्या दुकानात गेला.

पुढचा घोटाळा आयलिफनं स्वतःच्या हातानं केला. नाक आणि ओठ यांत अंतर किती ठेवायचं, यावर त्याचं गाडं अडलं. घरी गुन्वोरकडे टक लावून बघावं तर तिला संशय येईल. फोटो बघायची त्याला गरज वाटत नव्हती. सगळा संसार त्या चेहऱ्यासमोर केला, फोटो कसला बघायचा! प्रश्न फक्त मापाचा होता. मापाला काय, कुठलाही बाईमाणसाचा चेहरा चालेल. म्हणून सकाळी कॉफी पिताना तो एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि अंगठ्यानं दाग्नीचा चेहरा मोजायचा. ती बिचारी वॉफलवर तपकिरी चीज किसत असायची. टेबलावरची मंडळी एकमेकांना कोपरानं ढोसायची.

“आयलिफ, काय चाललंय?” दाग्नीनं एकदा विचारलंच.

“काही नाही. तुझी हनुवटी सुरेख आहे,” आयलिफ म्हणाला, आणि अंगठा तसाच धरून घाईघाईनं घरी गेला.

दाग्नीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या हनुवटीबद्दल कोणी बोलल्यालाही तितकीच झाली होती.

ख्रिसमस आला तोवर रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थप्पीपाशी वेग कमी करायला लागल्या होत्या. लोक काचा खाली करून बघायचे, हात हलवायचे, काही तर टोपी काढायचे! आयलिफला वाटायचं, कलेची कदर आहे खोऱ्याला. नापास केलेली माणसंसुद्धा हसून बघतात म्हणजे काय! त्याचा ऊर भरून यायचा, आणि तो आणखी जोरात कुऱ्हाड चालवायचा.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी पाहुणे येणार होते. केक तयार होता. आयलिफनं ताडपत्रीला लाल फीत बांधली होती. आणि सकाळीच दारावर थाप पडली. दारात चांगला कोट घातलेली दाग्नी. हातात वॉफलचा डबा.

“ये, ये!” गुन्वोर म्हणाली. “तू सगळ्यांच्या आधी आलीस!”

“मुद्दामच आले.” दाग्नीनं डबा ठेवला नाही, पोटाशी धरून उभी राहिली. “आयलिफ, तू चांगला माणूस आहेस. पण आज तू सगळ्यांसमोर पडदा उघडणार असं ऐकलं. मी आधीच सांगते, मला पुन्हा लग्न करायचं नाही. आणि केलं तरी गुन्वोरचा संसार मोडून करणार नाही!”

शेगडी खोकली.

“कोणता पडदा?” गुन्वोरनं विचारलं.

“तुला माहीत नाही? बाहेर माझं एवढं मोठं तोंड रचलंय त्यानं!”

“तुझं?” आयलिफ किंचाळला. “तुझं कुठलं? वेड लागलंय का तुला? ते—”

पण गुन्वोरनं बूट चढवले होते. ती भिंतीला धरत, बर्फात एकेक पाऊल ठेवत, घराला वळसा घालून रस्त्यावर गेली. मागून दाग्नी, त्यामागून हात नाचवत आयलिफ. त्यानं फीत ओढली. ताडपत्री सुटून बर्फात पडली.

गुन्वोरनं मान वर करून बघितलं.

“छान आलीय दाग्नी,” ती म्हणाली.

“ती तू आहेस!”

“मी?”

“तुझाच वाढदिवस आहे ना! तुझ्यासाठी तर केलं सगळं! हा तुझा गाल, हे तुझे ओठ—”

“माझा चष्मा कुठे आहे, आयलिफ?”

आयलिफनं थप्पीकडे बघितलं. मग गुन्वोरकडे. चष्मा होता. जाड काळ्या काड्यांचा, थंडीनं काचांवर धुकं धरलेला. तो तिच्या नाकावर कधीपासून होता हे काही त्याला आठवेना.

तेवढ्यात ओद्वार बर्फ ढकलायचं फावडं घेऊन आला आणि नको तिथे थांबला.

“ओद्वार! तू सांग!” आयलिफनं त्याचं बखोट धरलं. “खरं सांग. कोण आहे ही?”

ओद्वारनं थप्पीकडे बघितलं, गुन्वोरकडे बघितलं, दाग्नीकडे बघितलं. माणूस समजूतदार होता.

“पाद्रीबाई?” तो म्हणाला.

“तू दाग्नीकडे बघून काढलंस हे,” गुन्वोर म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून आयलिफला जास्त भीती वाटली.

“फक्त मापं घेतली! तुझ्याकडे बघितलं असतं तर तुला कळलं असतं!”

“कळलं असतं तर काय बिघडलं असतं रे?”

उत्तर नसलं की आयलिफ काम काढायचा, ही त्याची जुनी सवय. “आत्ता दुरुस्त करतो! आत्ता! चष्मा काय, दोन मिनिटांचं काम आहे!” असं म्हणून त्यानं स्प्रूसची दोन काळी गोल टोकं उचलली, आणि चेहऱ्याच्या डोळ्याखालून एक बर्चची फाक उपसली.

“आयलिफ, खालून काढू नकोस,” ओद्वार म्हणाला.

“तू मला शिकवू नकोस! तू उतारावर तीनदा नापास झालायस!”

दुसरी फाक निघाली. डोळा जरा मिचकावल्यासारखा झाला. तिसरी निघाली. नाक एका बाजूला घसरलं. हनुवटी, ती सुरेख हनुवटी, पुढे सरकली, आणि मग सबंध बाई खाली वाकून आयलिफच्या अंगावर आली! आवाज असा झाला की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली.

तिघांनी मिळून त्याला उपसलं. गुन्वोर त्या वाकड्या बोटांनी सगळ्यांत भराभर फाका फेकत होती, ओरडत होती, “पाय हलवू नकोस! मूर्खा, पाय हलवू नकोस!” पाय हलण्यासारखा राहिलेलाच नव्हता. घोटा मोडला होता.

पाहुणे आले तेव्हा घरात केक होता आणि माणूस एकही नव्हता. दाग्नीच्या गाडीतून सगळे इस्पितळात गेले होते. आयलिफला आत नेलं, आणि बाहेरच्या बाकावर दोघी वॉफलचा डबा मध्ये ठेवून बसल्या. एकाच रस्त्यावर जन्म काढला होता, पण त्या कधी एका बाकावर बसल्या नव्हत्या. प्लास्टर घालून आयलिफची चाकाची खुर्ची बाहेर आली तेव्हा दोघी डोळे पुसत हसत होत्या. त्याला बघून गप्प झाल्या. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

घरी आल्यावर गुन्वोरनं पहिल्यांदा थप्पीतलं लाकूड आत आणलं. कोरडं, पांढरंशुभ्र बर्च. शेगडी ढणाणा पेटली. तिनं वरचा स्वेटर काढला, मग आतला काढला, आणि हात पुढे धरून बसली. आयलिफ सोफ्यावर पाय उंच करून पडला होता. त्याला वाटलं, चला, सुटलो.

“वसंतात परत रचतो,” तो म्हणाला. “या वेळी नीट बघून.”

“दाग्नीच्या मावसबहिणीचं स्पेनमध्ये घर आहे,” गुन्वोर आगीकडे बघत म्हणाली. “समुद्रावर. दाग्नी दुकान भाचीवर टाकून जातेय. मीही जाते.”

“कधी?”

“शनिवारी.”

“आणि मी? माझा पाय?”

“ओद्वार लाकूड आणून देईल. मी त्याला सांगितलंय.” ती उठली, आणि बॅग शोधायला माळ्यावर गेली.

ओद्वारनं शब्द पाळला. तो रोज यायचा. तंबाखू चघळत शेगडी भरायचा, कॉफी करायचा आणि दुकानात कोण काय म्हणालं ते तिखटमीठ लावून सांगायचा. खोऱ्यातल्या नापासांची त्या हिवाळ्यात चैन होती. पण त्याला त्याचं घर होतं, गुरं होती. तो गेला की आग विझत यायची. खिडकीबाहेर बर्फात पडलेलं दहा हिवाळे पुरेल एवढं सरपण दिसायचं, आणि शेगडीत घालायला एक फाक हाताशी नसायची. आयलिफ गुन्वोरचे दोन्ही स्वेटर गळ्याभोवती गुंडाळून बसायचा. ते त्याला होत नव्हते.

फेब्रुवारीत तिचा फोन आला तेव्हा ओद्वार तिथेच होता.

“थंडी कशी आहे?” गुन्वोरनं विचारलं. मागे कोणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती.

“उणे सव्वीस. परत कधी येतेस?”

“ईस्टरपर्यंत राहावं म्हणतोय आम्ही. माझी बोटं सरळ व्हायला लागलीयत रे! काल मी स्वतः संत्रं सोललं.”

आयलिफ म्हणाला, “गुन्वोर, मी ते तुझ्यासाठीच केलं होतं. खरंच.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. हसण्याचा आवाज लांब गेला. ती बाहेर कुठेतरी आली असावी. “दुसऱ्या कोणासाठी केलं असतंस ना, तर मला एवढं लागलं नसतं.”

फोन बंद झाला. ओद्वारनं शेगडीचं दार लावलं आणि हात झटकले.

“काय म्हणतेय?”

आयलिफनं फोन मांडीवर ठेवला.

“म्हणाली, तिकडेही संध्याकाळी जरा गार होतं. अंगावर काहीतरी घ्यावं लागतं.”