मोहोरीच्या गालफडांचं माप

एका जंगलात, पार पूर्वेला, डोंगरांवर बर्फ पडे आणि मधोमध गरम पाण्याचं एक कुंड होतं. तिथे माकडं राहत. बाळांनो, थंडी पडली की सगळी कुंडात उतरत. कोण कुणाशेजारी बसलं, हे कुणी बघत नसे.

मोहोरी आणि केवडी या त्यांतल्याच दोन सख्ख्या बहिणी.

एके वर्षी पश्चिमेच्या पाणथळीतून एक विद्वान बगळा आला. जंगलचा राजा होता अस्वल. बगळ्यानं त्याला विचारलं, "महाराज, आपली प्रजा कोणत्या प्रकारची?"

"माकडं आहेत," राजा म्हणाला.

"ते झालंच. पण प्रकार?"

राजाला प्रकार माहीत नव्हता. त्याला फार लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी मोजणी सुरू झाली.

बगळा चोच उघडून माकडाच्या तोंडाला दोन्हीकडून लावी, माप घेई आणि आपल्या ग्रंथात नोंद करी. लांबट चेहरा असेल तर 'सुबक' वंश. रुंद असेल तर 'राकट' वंश. लांबट चेहरा श्रेष्ठ का? तर तसं शास्त्रात होतं. शास्त्र बगळ्यांनी लिहिलं होतं.

रांग मोठी होती. उभ्या उभ्या खायला मोहोरीनं दोन्ही गालांत अक्रोड भरून घेतले होते. तेवढ्यात तिची पाळी आली. तोंडात घास असताना बोलू नये, हे आईनं शिकवलेलं. ती गप्प राहिली.

"राकट," बगळा म्हणाला. "शिवाय अबोल. राकटांचं लक्षणच ते."

केवडी उपाशीपोटी आली होती. ती सुबक ठरली.

राजाची आज्ञा निघाली. सुबकांनी कुंडात बसावं. राकटांनी खिंडीत पहारा द्यावा. राकटांना थंडी वाजत नाही, असं ग्रंथात लिहिलं होतं.

मोहोरी तीन दिवस बर्फात उभी राहिली. अक्रोड केव्हाच संपले. बोटं बधिर झाली. चौथ्या दिवशी ती बगळ्याकडे गेली.

"शास्त्रीबुवा, बघा ना माझं तोंड. अगदी माझ्या बहिणीसारखं आहे."

बगळ्यानं तोंड बघितलं. मग ग्रंथ बघितला.

"तोंडात चूक आहे," तो म्हणाला.

इकडे केवडीला एकटीला ते ऊन पाणी गोड लागेना. तिनं गालांत मावतील तेवढे अक्रोड कोंबले आणि बगळ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मवाही वाकट कवा," ती म्हणाली. मलाही राकट करा, असं तिला म्हणायचं होतं.

बगळा हर्षानं एका पायावर उभा राहिला. "ग्रंथात सुबक, गाल राकट, भाषा तिसरीच! हा तर संमिश्र वंश!" मोहोरीचं तोंड लांबट, पण नोंद राकट. म्हणून तीही संमिश्र. ग्रंथाचा दुसरा खंड सुरू झाला.

संमिश्रांनी बसावं कुठे, हे त्या दुसऱ्या खंडात यायचं होतं. तोवर त्यांना कुंडही नाही आणि खिंडही नाही. राजानं समिती नेमली.

त्या हिवाळ्यात दोघी बहिणी एका उघड्या खडकावर एकमेकींना बिलगून बसल्या. येणारी-जाणारी माकडं त्यांच्याकडे बघत आणि हळूच आपापले गाल चाचपत.

"थंडी वाजते का गं?" मोहोरीनं विचारलं.

"खंड पुरा झाला की कळेल," केवडी म्हणाली.

तात्पर्य: रूपावरून कुणाची पारख करू नये, असं थोर लोक सांगतात. बाळांनो, खुशाल करावी. फक्त चोच आपली असावी.