सात धोंडे

नामदेव वाऱ्याला विचारल्यावाचून काहीही करत नाही. बोट ओले करायचे, वर धरायचे, मगच पुढचे पाऊल. मुलाच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्याने बोट वर केले. भटजी मंगलाष्टक म्हणता म्हणता थांबले. "चालू द्या," नामदेव म्हणाला, "वारा डोंगराकडं हाय."

तो माझा शेजारी. मी चाळीस वर्षे शिक्षक होतो. उगाच कोणाची स्तुती करत नाही. मात्र हा माझा शेजारी आहे, हे मुरबाडच्या बाजारात मी आपण होऊन सांगतो.

भाताच्या रोपांसाठी पाला आणि शेण पसरून जमीन भाजतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. गाव तो वैशाखात भाजते, नामदेव शिमग्याआधी. "पाऊस कवा, तुझी भाजणी कवा रे?" लोक हसतात. त्याचे उत्तर ठरलेले: "जळली भुई परत जळत नाय."

त्या काळ्या जमिनीत तो सात धोंडे मांडतो. पाच सपाट, दोन उंच. मग कधीही, भरल्या ताटावरूनसुद्धा, "वणवा!" अशी आरोळी. घरच्या पाचही माणसांनी आपापला धोंडा गाठायचा. सून एकदा लाटण्यासकट बसली होती.

"माणसे पाच, धोंडे सात कसे?" मी विचारले.

"पाव्हणे येतात, गुरुजी."

गेल्या वर्षी एका दुपारी त्याच्या मुलाने टीव्हीवर इंग्रजी चित्रपट लावला. मलाही बोलावले. रान पेटलेले, नायक बायकामुलांना मोटारीत घालून पळत होता. नामदेव ताडकन उभा राहिला.

"अरे येड्या, आगीच्या पुढं किती पळशील? मागं जळलेलं रान हाय, त्यात घाल गाडी!"

"बाबा, त्याला मराठी नाय कळत."

"आन शेजारी? शेजाऱ्याचं दार वाजवलं का त्यानं?"

शेवट न पाहताच तो उठून गेला.

यंदा फाल्गुनात डोंगर पेटला. वारा फिरला आणि आग वाळल्या गवतातून आमच्या दोन घरांवर उतरली. माझी पत्नी गुडघ्यांमुळे चार पावलेही चालत नाही. मुले पुण्याला. मी तिला उचलू पाहिले, जमले नाही.

दार ढकलून नामदेव आत आला. बोट वर केले नाही.

"वयनी, गळ्यात हात टाका."

"जड हाय मी, भावजी."

"भाताचं पोतं जड असतं. गुरुजी, चला! पुस्तकं र्‍हाऊ द्या."

राबात त्याची चार माणसे बसलेली होती. आग काळ्या जमिनीच्या कडेपर्यंत आली आणि तिथेच विझली. माझ्या गोठ्याचे छप्पर गेले. गाय त्याने आधीच सोडली होती.

पत्नीला त्याने एका उंच धोंड्यावर टेकवले. मी उभाच होतो.

"बसा ना, गुरुजी," तो दुसऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "धा वर्सं तुमचाच हाय तो."

मी बसलो. माझ्याही न वाकणाऱ्या गुडघ्यांना सोयीचा पडेल, एवढाच तो उंच होता.