सेक्रेटरींचा खालचा आवाज

इमारतीच्या सेक्रेटरींनी तक्रारवही उघडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'दर मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता वरच्या मजल्याच्या बाथरूममधून एखादं जनावर गुरगुरल्यासारखा आवाज येतो. पाइप तपासून घ्यावा.'

वरच्या मजल्यावर स्वतः सेक्रेटरीच राहत. ते जनावर आपणच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

दिवसभर विमा कचेरीत 'कृपया इथे सही करा' एवढंच मऊ आवाजात म्हणणारा हा पन्नाशीचा गृहस्थ एका ब्लॅक मेटल बँडचा गायक होता. हे बायकोलाही ठाऊक नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ती व्यायामाच्या वर्गाला गेली, की सेक्रेटरी बाथरूममध्ये शिरायचे, माइक नळाच्या वरच्या खिळ्याला टांगायचे, हेडफोनमध्ये ढोलांचा भडिमार लावायचे आणि बरोबर सात वाजता तोंड उघडायचे. बँडचा गिटारवाला पेशाने दाताचा डॉक्टर होता. त्याने अल्बमचं नाव ठेवलं होतं, 'कुजलेल्या सूर्याखाली'. आठ गाणी ठरली होती, पैकी सात झाली होती.

या अल्बमपायी सेक्रेटरींची गायकी पणाला लागली होती. ब्लॅक मेटलमध्ये टाळूतून किंचाळावं लागतं, ते त्यांना झकास जमायचं. पण डॉक्टरला याच अल्बममध्ये डेथ मेटलही हवं होतं, म्हणजे बेंबीच्या देठापासून काढलेली गुरगुर. "खालचा आवाज नसेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल," असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. सेक्रेटरींनी मग जिवाच्या कराराने पहिलं गाणं बाथरूममध्ये गायलं आणि पाठवून दिलं. डॉक्टरचा लगेच फोन आला.

"अहो, हे काय आहे! किंचाळता किंचाळता खालून गुरगुरताय! एका गळ्यातून दोन आवाज? लोकांना वर्षानुवर्षं साधत नाही हे!"

तेव्हापासून सेक्रेटरींचे पाय जमिनीवर नव्हते. तक्रारवहीने ते टेकवले.

खरं सांगावं, तर अब्रू जाणार. न सांगावं, तर तक्रारीचं काहीतरी करणं भाग, कारण ती निवारण्याचं काम त्यांचंच. त्यांनी मधला मार्ग काढला आणि प्लंबरला बोलावलं. पाइप धडधाकट आहे असं त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि विषय मिटवायचा, असा त्यांचा बेत होता.

प्लंबर सकाळी अकराला आला. त्याने सेक्रेटरींच्या बाथरूमची भिंत ठोकली, कान लावला, मान हलवली.

"साहेब, हा पाइप गेलाय."

"अहो, पण आवाज कुठे येतोय?"

"आता नाही येत. म्हणून तर म्हणतो, गेलाय. चांगला पाइप कधीमधी तरी बोलतो."

"पण आपण जरा थांबून..."

"थांबू नका!" दारातून मुख्याध्यापिका गरजल्या. त्या कधी वर आल्या, ते कुणालाच कळलं नव्हतं. "फोडा भिंत. सेक्रेटरी, तुमची काही हरकत?"

हरकत असण्याचं एकच कारण होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. निरपराध पाइपची शिक्षा सेक्रेटरींनी मान खाली घालून मंजूर केली. चार दिवस घरात धूळ उडाली, फरश्या निघाल्या. बायको शेजाऱ्यांकडे आंघोळीला जाऊ लागली आणि परतताना दर वेळी एकच वाक्य बोलू लागली, "तुम्हाला सेक्रेटरी व्हायला कुणी सांगितलं होतं?" जुना पाइप प्लंबर खांद्यावर टाकून घेऊन गेला. सेक्रेटरी या काळात मूग गिळून बसले होते. शिंकतानासुद्धा ते तोंडावर टॉवेल धरत.

आवाज अर्थातच थांबला. मुख्याध्यापिकांनी वहीत 'समाधानकारक' असा शेरा मारला. जिन्यात लोक प्लंबरचं नाव काढू लागले. सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार वेळ राहिला नाही.

"आठवं गाणं कुठाय?" डॉक्टरने फोनवर विचारलं. "शुक्रवारपर्यंत द्या. नाहीतर दुसरा एक जण तयार बसलाय."

शुक्रवारी सेक्रेटरींनी दाराच्या फटीत टॉवेल कोंबले, मोरीच्या जाळीवर उशी ठेवली आणि मनातल्या मनात मुख्याध्यापिकांची माफी मागून सातच्या ठोक्याला गाऊन टाकलं. घामाघूम होऊन ते बाहेर आले. कुणी दार वाजवलं नाही. त्यांनी गाणं पाठवलं.

"हे काय पाठवलंत?" डॉक्टर म्हणाला. "खालचा आवाज कुठे गेला? नुसता वरचा आहे."

"घसा जरा धरलाय."

"मग सोडवा."

सेक्रेटरींनी आलं चावलं, गुळण्या केल्या, मंगळवारी पुन्हा गायले. किंचाळी खणखणीत होती, गुरगुर शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात मुख्याध्यापिका भेटल्या आणि सेक्रेटरींची पाचावर धारण बसली.

"काय म्हणतोय आवाज?" त्यांनी चाचरत विचारलं.

"गेला तो. पाइपबरोबरच गेला. उत्तम काम केलंत." मग बाईंनी आवाज खाली आणला. "एक विचारू? तुमच्याकडे मांजर आहे का हो? कालही सात वाजता ओरडत होतं बिचारं."

"काल... ऐकलंत तुम्ही?"

"कालच काय, दोन महिने ऐकतेय. पण मुक्या जनावराची कोण तक्रार करतं? त्याला खायला घालत जा."

सेक्रेटरी घरी गेले ते थेट जुनी सात गाणी काढून बसले. ढोल-गिटारी बंद करून त्यांनी फक्त बाथरूमचा आवाज लावला. वर ते स्वतः होते, केविलवाणे. खाली ती गुरगुर होती, भारदस्त आणि भयंकर. प्रत्येक गाण्याच्या शेवटी ते श्वासासाठी थांबत, गुरगुर मात्र चालूच राही. मग 'गुडुप' असा एक आवाज होई आणि सगळं पाणी निघून जाई.

त्यांना रडू आलं. आयुष्यात एकदाच कुणी त्यांच्या गळ्याचं कौतुक केलं होतं, आणि तेही भिंतीतल्या पाइपचं निघालं. त्यांनी डॉक्टरला फोन करून सगळं सांगून टाकलं आणि 'दुसरा माणूस घ्या' हे शब्द ऐकायची तयारी ठेवली.



"तो पाइप टाकून दिलात?" डॉक्टरने विचारलं.

अर्ध्या तासात दोघेही प्लंबरच्या दुकानामागच्या अंगणात उभे होते. पाइप भिंतीला टेकून होता. प्लंबरने सगळं ऐकून घेतलं. त्याला कशाचंच नवल वाटलं नाही.

"तुमच्या वरच्या मजल्यावरचं कपड्यांचं मशीन मंगळवारी-शुक्रवारी सातला पाणी सोडत असणार. ते या वाकड्या तुकड्यात अडून बोलतं. उभा बांधा, मी वरून बादली ओततो."

पाइप शिडीला उभा बांधला. प्लंबर वर चढला. सेक्रेटरींनी हेडफोन चढवले, टाळूतून किंचाळी काढली आणि प्लंबरने बादली कलती केली. अंगणातली कबुतरं उडाली. डॉक्टरच्या अंगावर काटा आला.

"हेच! हाच तो आवाज!" तो ओरडला. "पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. प्लंबरसाहेब, पाइप घेऊन स्टेजवर याल?"

"येईन की. शिडी माझी आहेच."

सेक्रेटरींनी हेडफोन उतरवले. "आणि मी?"

डॉक्टर प्लंबरकडे बघू लागला. प्लंबर बादली घेऊन सावकाश खाली उतरला. त्याने सेक्रेटरींना तोंड उघडायला लावलं, आत वाकून पाहिलं आणि भिंत ठोकताना हलवली होती तशीच मान हलवली.

"यांना ठेवा," तो म्हणाला. "पाइपला काही दोष नाही, पण वरचा नळ गळतोय. एक वॉशर टाकून देतो, कार्यक्रमापुरतं चालेल."