एकसष्ट पोपांची रवानगी आणि मामीसाहेबांची जबानी

जाणत्यांस विदित व्हावे की, मोठ्यांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले आणि घरातल्या लढाया लिहिण्यास कोणाची लेखणी धजावली नाही, सबब ही हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे मीठ बेताने घालून, कागदी उतरविली असे.

घड्याळजी मामासाहेब, जन्मभर डाव्या डोळ्यास भिंग लावून तो डोळा उजव्याहून अंमळ थोर जाहलेले, यांस पोपांच्या पदकांचा षोक. पोप म्हणजे ख्रिस्ती धर्माचे थोरले गुरू. हे गादीवर असता दरसाल एक पदक पाडवीत, एका अंगास स्वतःचा मुखडा आणि दुसऱ्या अंगास त्या साली बांधिलेला पूल किंवा कारंजे. ऐशी एकसष्ट पदके मामासाहेबांनी चाळीस वर्षांत हस्तगत केली आणि नऊ खणांच्या कपाटात ज्याची त्याची गोल खाच करून बसविली आणि प्रत्येकाखाली गोल चिठ्ठी ठेविली, की हे कोणापासून, केव्हा आणि कैसे आले.

मग काळ फिरला. उभयतांच्या गुडघ्यांनी बंड पुकारले आणि तिसरा मजला सोडून तळमजल्यावरील दोन खोल्यांत जाण्याची मसलत ठरली. मामासाहेबांनी नव्या घराचे दार तीन वेळा मोजिले, परंतु दार काही वाढेना आणि कपाट चार बोटे बाहेरच राहिले. तेव्हा मामीसाहेबांचा हुकूम जाहला, की त्या घरात एक तर मी राहीन, नाहीतर तुमचे एकसष्ट पोप. कोण ते आज रात्रीच्या जेवणाआधी सांगा, म्हणजे भात त्या मानाने लावता येईल.

मामासाहेबांनी भात दोघांचाच लावण्यास संमती दिली, मात्र एक अट घातली, की विकणे तर सर्व एका हाती विकणे. फौज फुटली म्हणजे ती फौज नव्हे, मोड आहे. यावर एक व्यापारी आला आणि तीन पदके बाजूस काढून म्हणाला, की ही उचलतो, बाकीची वजनावर घालतो. मामासाहेबांनी त्यास आदराने चहा पाजिला आणि त्याहून आदराने जिना दाखविला. त्या दिवसापासून त्यांचे जेवण निम्म्यावर आले, हे मामीसाहेबांच्या नजरेतून सुटले नाही.

मग भाचीने वकिली पत्करली. ती दाढ भरून घेण्यास दंतवैद्यांकडे गेली असता त्यांनी तिच्या उघड्या जबड्यावर ओणवे राहून पोपांच्या पदकांविषयी पाऊण घटका भाषण केले. जबडा उघडा असल्यामुळे तिला विषय बदलता आला नाही. जबडा मिटताच तिने मामासाहेबांचा पत्ता दिला आणि रविवार मुक्रर जाहला.

आता दैवगती पाहावी. पाहुणे येणार म्हणून मामीसाहेबांनी शनिवारी कपाट आवरावयास घेतले. मामासाहेब दाढी करावयास गेले होते. मामीसाहेबांस खणांतील क्रम गैरशिस्त दिसला, म्हणोन त्यांनी दाढीवाले पोप वरच्या चार खणांत, बिनदाढीचे खालच्या चारांत आणि ज्यांची मुद्रा त्रासिक होती ते नवव्या खणात, पुन्हा नजरेस पडू नयेत ऐसे, रवाना केले. आणि खालच्या पिवळ्या पडलेल्या, माशांनी ठिपके दिलेल्या साठ चिठ्ठ्या काढून ओल्या कचऱ्यात टाकिल्या आणि त्या जागी हिरवी मखमल कातरून घातली. कचऱ्याची गाडी त्या दिवशी कधी नव्हे ती वेळेवर आली.

रविवारी दंतवैद्य आपला आरसा आणि आकडी घेऊन आले आणि पहिला पोप उचलून, दाताची कीड शोधावी तैसी त्याची किनार निरखून, चिठ्ठी मागते जाहले. कारण की टाकसाळीत जुने ठसे जपलेले असत आणि शंभर वर्षांनीही त्यांवरून नवी पदके पाडीत, त्यामुळे आधीचे कोणते आणि मागाहूनचे कोणते, हे नुसत्या डोळ्यांस उमगणे कठीण. तेथे चिठ्ठी हीच साक्ष. मामासाहेबांनी मखमल उचलिली. खाली लाकूड होते. दुसरी उचलिली, तेथेही लाकूड. मग ते खुर्चीवर बसले आणि थोरला डोळा पुसू लागले.

दंतवैद्य हळहळून बोलिले, की चिठ्ठ्यांवाचून तीनच पदकांची खात्री देता येते, तेवढीच नेईन. म्हणजे व्यापारी बोलला तेच.

तेव्हा मामीसाहेब ओल्या हातानिशी रणात उतरल्या.

"डॉक्टर, चिठ्ठ्या मी टाकल्या. आता विचारा मला. हा माणूस एकेक पोप घेऊन घरात शिरला तेव्हा दार मीच उघडलंय."

आणि मग जी जबानी सुरू जाहली तीस तोड नाही. हा पुलावरचा दाढीवाला माझ्या भावाच्या लग्नादिवशी आला. शिंप्याकडे जातो म्हणून गेले आणि चर्चचा बाजा दुरुस्त करणाऱ्याच्या विधवेकडून हा आणला, पँट शिंप्याकडेच राहिली. हा कारंजेवाला तापात आला, थर्मामीटर आणायला पाठवले होते. एकसष्टांतील एकही पोप भांडणावाचून उंबरा ओलांडता जाहला नव्हता आणि भांडण म्हटले की मामीसाहेबांस साल, वार आणि विकणाऱ्याचे घर तोंडपाठ. भाची लिहीत गेली. मामासाहेब अधूनमधून "बरोबर आहे" म्हणत आणि प्रत्येक वेळी थोडे खाली सरकत.

दंतवैद्य हिशेबी गृहस्थ, त्यांस पडताळा हवा होता. नवव्या खणाच्या तळाशी चिकटून एक चिठ्ठी बचावली होती, ती त्यांनी मुठीत झाकली आणि तिच्या खाचेतील पदक मामासाहेबांस दाखवून पुसिले, की हे मूळचे येथलेच काय? मामासाहेबांनी होकार भरिला. ते रिकाम्या गादीचे पदक होते. एक पोप वारले आणि दुसरे निवडिले नाहीत, त्या मधल्या दिवसांचे, म्हणोन त्यावर मुखडाच नाही. मुद्रा त्रासिक की प्रसन्न हे न ठरल्यामुळे मामीसाहेबांनी यास हलविले नव्हते.

"हे कुणाकडून आलं, मामी?" भाचीने लेखणी सरसावून पुसिले.

मामीसाहेब प्रथमच अडखळल्या. पदराने हात पुसिले, कोरडे होते तरी पुसिले.

"याचं भांडण झालं नाही."

दंतवैद्यांनी मूठ उघडून चिठ्ठी वाचिली. मामासाहेबांच्या बारीक अक्षरात लिहिले होते, की सकाळी खण उघडला तो पदक आत. कोठून आले न कळे. बहुधा मीच आणून विसरलो.

"अहो, सहा महिने रोज रात्री त्या रिकाम्या भोकाकडे बघत बसायचात," मामीसाहेब भिंतीकडे पाहून म्हणाल्या. "मलाच चैन पडेना. तुमच्या त्या जुन्या बाजारवाल्याला शिवणाचं मशीन दिलं आणि हे आणलं. सांगितलं असतं तर उद्यापासून प्रत्येक भोकाला माझी संमती आहे असं धरून चालला असता."

"मशीन बिघडलं म्हणाली होतीस."

"मग काय, तुमच्याकडे दुरुस्तीला देऊ?"

दंतवैद्यांनी आरसा खिशात घातला आणि एकसष्टही पदके, मामीसाहेबांच्या जबानीसह, एका हाती घेण्याचा करार केला. फत्ते जाहली. तोच मामासाहेब उठले आणि ज्या अटीपायी निम्मे जेवण सोडिले होते ती अट स्वमुखे मोडिते जाहले.

"साठ न्या, डॉक्टर. एक राहू दे."

दंतवैद्यांनी त्या खाचेकडे पाहिले. "राहू द्यायला हरकत नाही. रिकाम्या गादीची खाच रिकामीच बरी दिसेल."

येणेप्रमाणे साठ पोप आणि कपाट दंतवैद्यांच्या मुलखी सुखरूप पावले. नव्या घरी पोपांस मज्जाव हा हुकूम अद्याप कायम आहे. परंतु मुखडा नसलेले पदक पोप गणावे की न गणावे, याचा निवाडा मामीसाहेबांनी राखून ठेविला आहे आणि तोवर ते पदक त्यांच्याच चष्म्याच्या डबीत असे. खाली नवी गोल चिठ्ठी आहे. तीवर बारीक अक्षरात लिहिले आहे, की घरातून आले. भात दोघांचा लागतो आणि पुरता संपतो. फत्ते नोंदली, बहुत काय लिहिणे.