लॉयड नेल्सनसाठी प्रार्थना

अर्डिस क्विस्टने प्रार्थनेत एक नाव घेतलं आणि त्या रविवारपासून अर्धं चर्च तिच्या गळ्यात पडायला लागलं, उरलेल्या अर्ध्याने तिच्याशी बोलणं टाकलं. तिला संताप दोघांचाही आला. पण गळ्यात पडणाऱ्यांचा जास्त.

मिनेसोटातल्या व्हेस्बी गावच्या त्या लुथरन चर्चमध्ये आजाऱ्यांसाठीची प्रार्थना वर्षानुवर्षं अर्डिसच म्हणायची. शनिवारी ऑफिसातल्या बाईने फोनवरून नावं सांगायची आणि रविवारी अर्डिसने ती देवाच्या कानावर घालायची. आवाज असा खणखणीत, की देवाला कान द्यायचे कष्ट पडू नयेत. त्या रविवारी शेवटचं नाव आलं आणि ती म्हणाली, "हे प्रभो, तुझा सेवक लॉयड नेल्सन याला बळ दे. त्याला पुन्हा उभा कर. आणि जे त्याच्यावर चालून आलंय, त्यावर त्याला विजय दे."

"आमेन!" उजवीकडच्या बाकांवरून असा गजर झाला की पाळकसाहेब दचकले. त्या चर्चमध्ये आमेन खाली मान घालून पुटपुटायची रीत होती. डावीकडचे बाक मात्र गप्प.

प्रार्थना संपवून खाली बसताना अर्डिसच्या डोक्यात प्रकाश पडला. जिल्हा मंडळावरचा लॉयड नेल्सन विधानसभेला उभा होता. गावाबाहेरच्या दर दुसऱ्या मक्याच्या शेतात त्याच्या नावाची पाटी होती. त्या मुलखात नेल्सन इतके, की भर बाजारात हाक मारावी तर अर्ध्यांनी वळून बघावं. त्यातले लॉयडही थोडे नव्हते. तिने नाव घेतलं होतं ते दुसऱ्याचंच, पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका लॉयडचं.

प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी असते. तिथे ट्रॅक्टरचा धंदा असलेल्या ड्वेनने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "मानलं तुला, अर्डिस! देवाच्या घरात उभं राहून छातीठोक बोललीस!"

"अरे, तो आजारी आहे, तो लॉयड..."

"कळलं, कळलं." ड्वेनने डोळा मिचकावला. "आजारीच म्हणायचं. चर्चने प्रचार केला तर सरकार करमाफी काढून घेतं."

"प्रचार कसला डोंबलाचा! तो माणूस खरंच अंथरुणाला खिळलाय!"

"अगदी असंच म्हण. कोणी विचारलं तर अगदी असंच."

तेवढ्यात तिची जिवाभावाची मैत्रीण व्हर्ना समोर आली. "तुझी आई ज्या जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात वारली, तो विकायला काढणाऱ्या माणसासाठी तू विजय मागतेस? लाज नाही वाटली?"

अर्डिसच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्या उमेदवाराचं नाव पेपरात वाचलं तरी तिचं डोकं उठायचं. म्हाताऱ्या माणसांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला मत देऊन वर येशूला तोंड कसं दाखवायचं, असं तिचं स्पष्ट मत होतं. पण ते मत तिचं आणि देवाचं. आजाऱ्यांची नावं जिथून घ्यायची, तिथून मतं मागायची नाहीत, हाही तिचा तितकाच पक्का नेम. आता खुलासा करावा तर तो दुसऱ्या बाजूचा प्रचार ठरणार. ती नुसतीच म्हणाली, "व्हर्ना, तुला इतकी वर्षं मी हेच कळले का?"

"हेच तर कळत नाहीये," असं म्हणून व्हर्ना पाठ फिरवून निघून गेली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कोणासाठी प्रार्थना करायची आहे?" व्हर्ना ताडकन उभी राहिली. "कॅरल ब्रुन्ससाठी." कॅरल म्हणजे नेल्सनच्या विरोधातली उमेदवार.

"अरेरे, काय झालं तिला?" पाळकसाहेबांनी काळजीने विचारलं.

"काही नाही. ठणठणीत आहे. तशीच राहो."

ड्वेन उठला. "मग लॉयडसाठी पुन्हा एकदा करा. जरा जोर लावून."

"आणि ज्यांची बुद्धी फिरलीय त्यांच्यासाठीही करा," डावीकडून कोणीतरी म्हणालं आणि थेट ड्वेनकडे बघितलं. मग उजवीकडून दिशाभूल झालेल्या बहिणींसाठी प्रार्थना आली. तिला उत्तर म्हणून डावीकडून पैशाच्या मागे लागलेल्या भावांसाठी आली. दोन्हीकडे डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि तोंडाचा पट्टा चालू. तळघरातली कॉफी आटून गेली. म्हाताऱ्या इंगाचं मोडलेलं खुब्याचं हाड त्या दिवशी देवाला कोणी सांगितलंच नाही.

अर्डिस धुमसत घरी गेली आणि मग तिने जे केलं त्याने आगीत तेलच पडलं. भेटेल त्याला ती सांगत सुटली, "अरे बाबांनो, लॉयड नेल्सन खरोखर आजारी आहे! त्याचं पोट फाडलंय!" कुठला लॉयड, हे ऐकायला कोणी थांबत नव्हतं. ड्वेनच्या बायकोला ते एकदम पटलं. तिने बायका जमवल्या आणि दोन दिवसांत उमेदवाराच्या घरी खिम्याच्या, नूडल्सच्या, बटाट्याच्या हॉटडिशची, म्हणजे ओव्हनमध्ये शिजवलेल्या भरल्या भांड्यांची, अशी रीघ लागली की ओटा भरला, फ्रीज भरला, शेवटी गॅरेजमध्ये मांडामांड झाली. डावीकडच्यांनी लगेच बोंब ठोकली, "मरायला टेकलाय आणि मतदारांपासून लपवतोय!" बिचाऱ्या उमेदवाराला पेपरवाल्याच्या कॅमेऱ्यासमोर, बोचऱ्या थंडीत, हाफ पँटवर भर रस्त्यात पळून दाखवावं लागलं.

संध्याकाळी त्याच्या प्रचारवाल्यांचा फोन आला. "बाई, आमच्या साहेबांच्या तब्येतीबद्दल तुम्ही अफवा पसरवताय म्हणे?"

"तुमच्या साहेबांचं मी नावसुद्धा घेत नाही!" अर्डिस ओरडली.

"सगळं गाव तर म्हणतंय, चर्चमध्ये उभं राहून घेता."

तिने फोन आपटला. लगोलग पाळकसाहेब दारात हजर. चेहरा पडलेला, टोपी हातात. "अर्डिसबाई, निवडणूक होईस्तोवर प्रार्थना दुसऱ्या कोणाला म्हणू द्याल का? म्हणजे आपली शांतता..."

"शांतता?" अर्डिस म्हणाली. "ही शांतता होय? बरं. या रविवारी शेवटची म्हणते."

रविवारी ती उभी राहिली. यादी उघडलीच नाही. "लॉयड नेल्सन कोण, माहितेय तुम्हाला?" दोन्हीकडचे बाक सावरून बसले. "तो शेवटच्या बाकावर, दाराशी बसतो. या चर्चमध्ये. तपकिरी जाकीट. कॉफीला थांबत नाही, कारण थांबला तर त्याच्याशी कोणी बोलत नाही. तुमच्यातल्या निम्म्यांची पोरं त्याने शाळेच्या बसमधून नेली-आणली. त्याच्या नावाने तुम्ही आमेन ठोकलंत, त्याच्या नावाने भांडलात, त्याच्या नावाने रांधलंत, आणि एका माणसाने, एकाही माणसाने त्याच्या दाराची घंटा वाजवली नाही! देवाला काय सांगणार आहात, मत कोणाला दिलं ते? त्याने विचारलंय का ते? तो विचारेल, तो आजारी होता तेव्हा तुम्ही कुठे होतात. आणि..."

इथे ती अडखळली. कारण घंटा तिनेही वाजवली नव्हती. भांडणातून फुरसत कुठे होती? ती मटकन खाली बसली. आमेन कोणीच म्हणालं नाही.

स्वतःवरचा राग सगळ्यात वाईट. तो कोणावर काढता येत नाही. सोमवारभर अर्डिसने तो घर पुसून काढला. मंगळवारी मतदान होतं. सकाळीच कॅरलला मत देऊन आली आणि संध्याकाळी सूपचं पातेलं घेऊन धान्याच्या कोठारामागच्या लॉयडच्या घरी गेली. लॉयड पोटाला हात लावून दारात आला. "अर्डिस! ऑपरेशननंतर घरी आलेली तू पहिलीच. हो, कालपासून फोन मात्र खूप येतायत. सगळे जरा घाबरलेले वाटतात."

सूप पिऊन झाल्यावर तो संकोचत म्हणाला, "आज मतदान आहे ना? मला गाडी चालवायची मनाई केलीय. नेशील का? आजवर एकही चुकवलं नाही."

तिला फार बरं वाटलं. देवाने करून घेण्यासारखं काहीतरी दिलं म्हणायचं. तिने त्याला तपकिरी जाकीट चढवलं, हळूच गाडीत बसवलं. कोपरा वळल्यावर तो म्हणाला, "मी आपला त्या लॉयडला देणार."

अर्डिसचा पाय ब्रेकवर गेला. "नाव सारखं म्हणून?"

"छे. माझ्या भावाचा गोठा जळाला ना, तेव्हा रातोरात तो चारा घेऊन आला होता. फोटोवाला नव्हता तेव्हा बरोबर. आपल्याला दुसरं काही समजत नाही. देवाने सांगितल्यासारखा आला होता, एवढं आठवतं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वृद्धाश्रमाचं सगळं तोंडावर आलं होतं, पण शेजारी तो टाक्यांवर हात धरून बसलेला. तेवढ्यात रेल्वेचं फाटक पडलं. धान्याची मालगाडी, डब्यामागे डबा, संपायचं नाव नाही. मतदान बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता.

"राहू दे, अर्डिस," लॉयड म्हणाला. "नाही जमलं तर नाही जमलं. माघारी फिर."

गाडीत दुसरं कोणी नव्हतं. तिने फक्त गाडी वळवायची होती. कोणी नावं ठेवली नसती. त्याने स्वतःच सांगितलं होतं.

"पट्टा घट्ट धर!" अर्डिस खेकसली आणि गाडी मागे घेऊन खडीच्या रस्त्याने, शेतांना वळसा घालून पुलाकडे सोडली. दर खड्ड्याला तो कण्हायचा आणि दर कण्हण्याला ती उमेदवार नेल्सनच्या नावाने मनात एकेक शिवी हासडायची.

अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये मतदान होतं. मतदारांची नावं बघायला टेबलाशी व्हर्ना बसली होती. आपल्या दंडाचा आधार देत अर्डिसने त्याला आत आणलं.

"नाव?" व्हर्नाने मान वर न करता विचारलं.

"लॉयड नेल्सन."

व्हर्नाने झटकन वर पाहिलं. त्याच्याकडे, त्याच्या तपकिरी जाकिटाकडे, मग अर्डिसकडे. ती उठून जवळ आली आणि कुजबुजली, "हाच तो? आणि मी तुला... अगं, मला माफ कर. पण मत तरी आपल्याला देणार ना?"

"त्या उमेदवाराला."

"त्याला? आणि तू ह्याला त्या खड्ड्यांतून इथवर घेऊन आलीस? त्याच्या मताने स्वतःचं मत पुसून टाकायला?"

"हो, आणलं! माझं डोकं फिरलंय, आणखी विचारशील तर तुझंही फिरवीन!" अर्डिस म्हणाली. "दिसत नाही, त्याला उभं राहवत नाहीये? खुर्ची दे त्याला."

व्हर्ना टेबलामागे गेली आणि स्वतःची खुर्ची घेऊन आली.