बंब बाहेर पडण्याबाबत

मिनेसोटातल्या हाल्विक गावाच्या अग्निशमन केंद्राचं छप्पर गळत होतं आणि नगरसभेने या बाबीची गंभीर दखल घेतली. दखल घ्यायला नऊ वर्षं लागली, पण घेतली ती गंभीरच.

सभेचा आधीचा अनुभव कडू होता. गावची पाण्याची टाकी बांधताना नकाशा एकाने काढला, बांधकाम दुसऱ्याने केलं, आणि टाकी झिरपू लागल्यावर दोघांनी सहा वर्षं कोर्टात एकमेकांकडे बोट दाखवलं. म्हणून नगराध्यक्षा आर्लीस ब्रेकी यांनी या खेपेला नवी पद्धत आणली. नकाशा काढणार तोच बांधणार. एकच ठेका, एकच सही, आणि धरायला एकच मान. तिन्ही गोष्टी डॅरेल क्विग्ली नावाच्या ठेकेदाराने पुरवायच्या ठरल्या.

वर्लिन स्टोक्के हा गावचा बंबप्रमुख. पद बिनपगारी, पोटासाठी तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. केंद्र कसं हवं ते लिहून द्या, असं सभेने त्याला सांगितलं. त्याने बिचाऱ्याने दाराची रुंदी, उंची, नळ्या वाळवायची जागा, सगळं पेन्सिलीने नीट आखून आणलं.

क्विग्लीने कागद प्रेमाने घडी करून परत दिला. "चीफ, दार केवढं, जमीन कशी, हे तुम्ही सांगायचं नाही. त्यासाठी आमचं डोकं विकत घेतलंय ना तुम्ही? तुम्ही फक्त एवढंच लिहा, काय घडायला हवं."

"काय घडायला हवं म्हणजे? आग लागली की बंब सुटायला हवा!"

"वा! हीच तर गरज. हेच लिहा."

वर्लिनने लिहिलं : 'घंटा झाल्यापासून नव्वद सेकंदांत बंब हमरस्त्यावर असावा. केंद्र सदैव उबदार असावं.' सभेने हे गरजपत्र एकमताने मंजूर केलं.

एप्रिलमध्ये वर्लिन टेकडीवरच्या जागेवर गेला, तर पाया भरून झालेला.

"नकाशा कुठाय?"

"येतोय," क्विग्ली म्हणाला. "आमच्यात नकाशा आणि काम हातात हात घालून चालतात."

"इथे तर काम एकटंच चाललेलं दिसतंय."

पूर्वी अशा वेळी नकाशावाला बांधणाऱ्याला झापायचा. आता दोघे क्विग्लीचीच माणसं, एकाच गाडीच्या टपावर बसून एकाच डब्यातलं सँडविच खात होते. कोण कुणाला झापणार?

उद्घाटनाला सगळा गाव लोटला. चर्चच्या बायकांनी बटाट्याचा हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं परातभर कालवण, आणला होता. घंटा झाली, दार उघडलं, वर्लिनने ब्रेक सोडला आणि बंब घसरगुंडीवरून सुटलेल्या पोरासारखा सरळ खाली हमरस्त्यावर आला. एक्केचाळीस सेकंद! वळणाचा रस्ता केला असता तर दोन मिनिटं लागली असती, म्हणून क्विग्लीने रस्ता सरळ कड्यावरूनच खाली उतरवला होता. टाळ्या झाल्या. 'आदर्श सहकार्य' असं कोरलेली पितळी पाटी भिंतीवर लागली.

मग बंब वर न्यायची वेळ आली. तो वर जाईना. चाकं जागच्या जागी गरगर फिरली, धूर निघाला आणि हॉटडिशवर बसला.

"अहो, हा परत कसा जायचा?" वर्लिन ओरडला.

क्विग्लीने शांतपणे फाइल उघडली. "चीफ, गरजपत्रात 'परत' हा शब्द दाखवा. नाही ना? परत येणं ही वाढीव गरज आहे. वेगळा अर्ज करा."

उन्हाळाभर वर्लिन आपल्या दुकानातले दोन ट्रॅक्टर लावून बंब ओढून वर न्यायचा. नोव्हेंबरात उतारावर बर्फ धरला आणि ट्रॅक्टरही घसरू लागले. बंब रस्त्याच्या कडेलाच राहिला. चर्चच्या बायकांनी त्याच्यावर गोधड्या घातल्या. वरचं रिकामं केंद्र मात्र छान उबेत होतं. तशी ठेक्यात हमी होती.

जानेवारीत खुद्द नगराध्यक्षांच्या सौनाने, म्हणजे अंगणातल्या लाकडी वाफघराने, पेट घेतला. आर्लीसबाई टॉवेल गुंडाळून बर्फात उभ्या. वर्लिनने बंब आणला, नळी रोखली, झडप फिरवली. पाण्याचा एक थेंब नाही. पंप गोठून दगड झाला होता. तीस वर्षांच्या बंबसेवेत त्याला असं नागवं कधी वाटलं नव्हतं, आणि टॉवेल तर दुसऱ्याच्याच अंगावर होता. शेवटी गावाने फावड्यांनी बर्फ फेकला. सौनाची चूल तेवढी वाचली.

चौथ्या दिवशी क्विग्लीचं पत्र आलं. घंटा झाली तेव्हा बंब हमरस्त्यावरच उभा होता. सबब वेळ शून्य सेकंद. सबब उत्तम कामगिरीचं बक्षीस मिळावं.

सभेत वर्लिन तडकला. "धरायला एकच मान आहे म्हणाला होतात ना? मग धरा की!"

क्विग्लीने सभेच्या मंजुरीचा कागद दाखवला. सभेच्या वकिलाने इतिवृत्त काढलं : गरजपत्र हरकतींसाठी तीस दिवस सभागृहाच्या याच दारावर लावलं होतं. आलेल्या हरकती, शून्य. सबब जबाबदारी हाल्विकच्या समस्त नागरिकांची.

"मी नाही बघितलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"त्याच्यावरच तर ओली टोपी अडकवायचास तू," आर्लीसबाई म्हणाल्या.

मग ठरलं की उतारापाशी दुसरं केंद्र बांधायचं, फक्त बंब परत यायला. ठेकेदार तोच, पद्धत तीच. या खेपेला चूक नको म्हणून गरजपत्र तीनशे बारा पानांचं केलं आणि दारावर दोरीने टांगलं.

वर्लिनने ते दारात उभ्या उभ्या चार दिवस वाचलं. 'परत' हा शब्द त्यात चाळीस वेळा होता. 'बाहेर' एकदाही नव्हता.

तो हरकत घेऊन खिडकीशी गेला. कारकून म्हणाली, "गरजपत्र वाचलेल्या आणखी दोघांच्या सह्या लागतील."

वर्लिन घरोघरी फिरला. लोकांनी कॉफी दिली, बिस्किटं दिली, पाठ थोपटली. "तू वाचलंयस ना वर्लिन? मग झालं. अख्ख्या गावाने वाचायची काय गरज?" तिसाव्या दिवशी दोर सोडला गेला. हरकती शून्य.

तुम्ही हसताय. हसा. तुमच्या पालिकेच्या दारावरही या घडीला एक कागद लटकतो आहे. कशाबद्दल आहे, किती दिवस उरलेत, ठाऊक आहे? नाही ना? मग काळजी नको. इतिवृत्तात तुमचं नाव 'सहमत' या रकान्यात केव्हाच चढलेलं आहे.